विणकर की सभासद

वडगावच्या विणकर सोसायटीचं सॉफ्टवेअर मारुतीराव आणि मंगल यांनी लिहिलं, तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. एकाच ऑफिसात असूनही दोघं एकमेकांशी बोलत नसत. मारुतीरावांनी सूतवाटपाच्या भागासाठी 'विणकर' नावाचं डेटा मॉडेल, म्हणजे नोंदींचा साचा, बनवलं आणि मंगलनं विणकरांकडून होणाऱ्या साडीखरेदीसाठी 'सभासद'. नाव, पत्ता, फोन दोन्हीकडं सारखंच.

आता दोघांची अनगोळात छोटी कंपनी आहे आणि ते जुनं सॉफ्टवेअर सौम्या सांभाळते. ती वडगावचीच. तिच्या शेजारच्या बायाक्कानं फोन नंबर बदलला, तो सोसायटीनं 'सभासद'मध्ये घातला. 'विणकर'मध्ये जुनाच राहिला. सूत आल्याचा मेसेज त्या जुन्या नंबरवर गेला आणि बायाक्काचे माग सुताविना थांबले.

सौम्यानं नंबर दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही मॉडेल एक करायची गोष्ट काढली. मंगल लगेच तयार झाली. मारुतीराव मात्र कुरकुरले. इतकी वर्षं नीट चाललेल्या कोडला हात लावला तर भलतंच काहीतरी मोडेल, असं त्यांचं म्हणणं.

"आजवर कुणाचं काय अडलंय?" ते म्हणाले.

"बायाक्काचं अडलं की," मंगल म्हणाली.

शेवटी डेटाची कॉपी घेऊन त्यावर करून बघायचं ठरलं. सौम्यानं सारख्या नावाच्या नोंदी एकत्र केल्या आणि पहिल्यांदा बायाक्काची नोंद उघडली. तिचा एक माग गायब झाला होता.

सौम्या बराच वेळ दोन्ही मॉडेल शेजारी लावून बघत बसली. सोसायटी सूत देते ते मागावर. बायाक्काच्या घरी एका मागावर ती बसते, दुसऱ्यावर सून. म्हणून 'विणकर'मध्ये तिच्या दोन नोंदी होत्या, तर 'सभासद'मध्ये एकच. एकत्र करताना त्यातली एक पुसली गेली. मारुतीरावांची भीती खोटी नव्हती.

तिनं दोघांना बोलावून दाखवलं. "अण्णा, हा विणकर न्हायच. हा माग हाय. ह्याचं नाव बदलू या. नाव, फोन सगळं मंगलआक्कांच्या सभासदात ठेवू या, आणि प्रत्येक माग त्याच्या सभासदाला जोडू या."

मारुतीरावांनी बायाक्काच्या दोन्ही नोंदी ताडून बघितल्या. मग म्हणाले, "तवाच हिला विचारलं असतं तर हे झालंच नसतं."

"मग विचारायचं न्हाय व्हय?" मंगल म्हणाली.

"लई भीती वाटायची गं तुझी. आवडायचीस न्हवं."

सौम्यानं मान खाली घालून कीबोर्ड जवळ ओढला. खुर्ची सरकवून मंगल नवऱ्याच्या शेजारी बसली आणि कोणत्या रिपोर्टात जुनं नाव वापरलंय ते दोघं मिळून सौम्याला सांगू लागले.

सोसायटीच्या सुट्टीच्या दिवशी नवा कोड चढवला. पुढचं सूत आलं तेव्हा बायाक्काचा सौम्याला फोन आला. मेसेज मिळाला, सून सूत आणायला गेलीय, असं तिनं सांगितलं. "आणि सांजच्याला जेवायलाच ये गं."