रूळ मोकळा

आमच्या थॉर्नबेकला कित्येक वर्षं रेल्वे येत नव्हती. माझ्या लहानपणी यायची, मग बंद पडली. उरली ती स्टेशनची इमारत, आणि ती माझ्या नवऱ्याच्या, लेनर्डच्या मंडळाने भाड्याने घेतली. मंडळ खेळण्यातल्या आगगाड्यांचं. 'खेळण्यातल्या' हा शब्द मात्र लेनर्डसमोर काढायचा नाही, जेवण सोडून उठतो. सहा म्हातारे आहेत. घरी जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण टेबलाखाली रांगत जाऊन तारा जोडायची वेळ आली की सगळे तरणेबांड.

या सहा जणांनी आमच्याच स्टेशनची हुबेहूब प्रतिकृती केली आहे, अठ्ठावन्न सालच्या एका शनिवारची. त्या दिवशीच्या वेळापत्रकाप्रमाणेच गाड्या धावतात. एखादी मिनिटभर उशिरा आली तर खोलीत सुतक पडतं. एकदा दोघांचे हात एकदम रुळावर गेले आणि एका इंजिनाचं धुराडं मोडलं, तेव्हापासून लेनर्डने नियमच केला: रुळावर काही पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्यानेच उचलायचं, आणि तो 'रूळ मोकळा' म्हणेपर्यंत एकही गाडी हलायची नाही. असाच नियम खऱ्या रेल्वेत होता म्हणे. अध्यक्ष म्हणून त्याला त्याचा केवढा अभिमान!

मी तिथे चहा करते आणि माणसं रंगवते. फलाटावरची माणसं हो, नखाएवढी. पुरुषमंडळी फक्त इंजिनं रंगवतात. त्यात निळ्या कोटातल्या दोन मुली मी मुद्दाम केल्या होत्या. एक मी, एक माझी थोरली बहीण आयव्ही.

आयव्ही हॅडल्टनच्या वृद्धाश्रमात असते. अर्धं अंग गेलंय, बोलणं अडखळतं, पण मी दिसले की हसते. ईस्टरनंतर तिकडची बस बंद झाली. माझी नजर अधू, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. लेनर्ड म्हणायचा, "नेतो गं पुढच्या शनिवारी." शनिवार मंडळाचा, बुधवारही मंडळाचा, आणि रविवारी कसलातरी गोंद वाळत असतो. मला रडू यायचं, मग राग यायचा.

अशात कौन्सिलने जाहीर केलं, थॉर्नबेकहून हॅडल्टनला जाणारी रेल्वे पुन्हा सुरू होणार! मी स्वयंपाकघरात नाचले. वाटलं, हे सहा जण आनंदाने वेडे होतील. लाइन बंद पडली त्या तारखेला दरवर्षी दुखवट्याचे काळे टाय लावणारी माणसं ही. पण स्टेशनची इमारत रिकामी करावी लागणार होती.

"आणि गाडी कसली, तर डिझेलची," सेड्रिक म्हणाला. हा मंडळाचा सेक्रेटरी. "दरवाजे आपोआप सरकतात म्हणे!" घरात चोर शिरल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"आपल्या लाइनवर असलं काही कधी धावलेलं नाही," लेनर्ड म्हणाला. "आक्षेप घ्यायलाच हवा."

"आणि मी आयव्हीकडे जायचं कसं?"

"अगं, तुझं आपलं काहीतरीच. इथे रेल्वेच्या इतिहासाचा प्रश्न आहे."

त्याच दिवशी मी फलाटावरची सगळी माणसं उचलून बिस्किटांच्या डब्यात भरली. म्हटलं, बघू कधी लक्षात येतंय. छे! कुंपणाचा हिरवा रंग किंचित गडद झालाय, हे सेड्रिकला दारातून दिसलं. त्यावर चहा गार होईपर्यंत भांडण झालं. फलाट ओस पडलाय हे एकालाही दिसलं नाही.

मंडळाने आक्षेप नोंदवला, आणि त्यामुळे काम वर्षानुवर्षं रखडणार होतं. म्हणून कौन्सिलच्या मिस टॅलबॉट एका शनिवारी स्वतः आल्या. लेनर्डने त्यांना प्रतिकृती दाखवली. बोगद्यावर बोलला, सिग्नलवर बोलला, कोळशाच्या ढिगावर तर फारच बोलला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण माणसं कुठायत?"

"कोण माणसं?"

"प्रवासी."

सहाही जण वाकून बघू लागले. "असतील इथेच कुठेतरी," सेड्रिक म्हणाला. "तसाही त्यांचा काही उपयोग नसतो, मॅडम. गाडीची चाकं झाकतात नुसती."

माझं डोकंच फिरलं. मी डबा आणला आणि सगळा रुळावर पालथा केला. बोगद्यातून निघालेली तीन दहाची गाडी जागीच थांबवावी लागली.

"हिलरी! हे काय करून ठेवलंस?" लेनर्ड ओरडला.

"प्रवासी आहेत. बस बंद झाल्यापासून ताटकळलेत बिचारे."

"अगं, उचल ना! गाडी खोळंबलीय!"

"आक्षेप मागे घे, मग उचलते."

सेड्रिकने हात पुढे केला. मी म्हटलं, "खबरदार! माझ्या हातून पडलेत. नियम काय आहे, विचार तुझ्या अध्यक्षांना."

सेड्रिकने हात मागे घेतला. नियम म्हणजे नियम. सगळे घड्याळाकडे बघत होते. एकाला दरदरून घाम फुटला. मी दोन निळे कोट शोधून लेनर्डच्या पुढ्यात धरले. "ही मी आणि ही आयव्ही. ईस्टरपासून मी तिचं तोंड पाहिलेलं नाही, लेनर्ड."

त्याने बाहुल्यांकडे पाहिलं. मग खोळंबलेल्या इंजिनाकडे पाहिलं.

"घेतला," तो म्हणाला. "घेतला आक्षेप मागे. आता उचल गं बाई!"

त्याला कशाचा पाझर फुटला, मी विचारलं नाही. सगळी माणसं फलाटावर नीट उभी केली आणि म्हटलं, "रूळ मोकळा."

खरी गाडी यायला पुढे दोन वर्षं गेली. मंडळ स्काउटांच्या हॉलमध्ये हललं. आयव्ही तोवर टिकली, हे माझं नशीब. पहिल्या गाडीने आम्ही दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलं होतं. लेनर्ड तीन कॅमेरे घेऊन भल्या पहाटे फलाटावर हजर.

"जरा बाजूला हो गं," तो म्हणाला. "मागचा डबा दिसत नाहीये."

मी बाजूला झाले ती थेट डब्यात चढले. दरवाजे आपोआप सरकले. लेनर्ड फोटो काढत फलाटावरच राहिला. मी खिडकीतून हात हलवला. त्यानेही हलवला, ड्रायव्हरकडे बघून.