पितळी जिभेचा खटका

फसली सन तेराशे एकोणपन्नास, माहे इस्फंदार, पौष शुद्ध सप्तमी. निजाम सरकारच्या मुलखात, सुभे औरंगाबाद, जिल्हा बीड, मौजे मांजरसुंबा येथे, जमीनदार सुंदरराव यांच्या गोठ्यालगतच्या छपराखाली, दिवस कासराभर वर आला असता, त्रिंबक मिस्त्रीने मोटारीच्या पुढच्या पत्र्यावर खडूने तीन खुणा केल्या आणि पहिल्या खुणेवर गिरमिट टेकवले.

मोटार पुढे दोन माणसांच्या बैठकीची आणि मागे फळ्यांच्या उघड्या हौदाची होती. गाव तिला हौदाची मोटार म्हणे. ड्रायव्हरच्या गुडघ्यांसमोर जो आडवा पत्रा असतो, त्यावर आजवर दिव्यांचा एकच खटका होता आणि तिन्ही दिवे, पुढचे दोन व मागचा लाल, त्या एकट्याच्या भरवशावर चालत. आता सुंदररावांनी औरंगाबादेहून तीन नवे खटके मागवले होते. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र खटका असावा, म्हणजे एकाने दगा दिला तरी उरलेले दोन जागे राहतील, असा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट नव्हती. तो तीन महिने उशिरा सुचला होता, इतकेच.

तीन महिन्यांपूर्वी, खंडेनवमीला, त्रिंबकचा थोरला भाऊ धोंडीराम, सुंदररावांचा ड्रायव्हर, याच मोटारीत झेंडूच्या चाळीस पाट्या घालून, दसऱ्याच्या बाजारासाठी दिवेलागणीला बीडकडे निघाला होता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर रस्ता वळला, मोटार वळली नाही. पोलिसांच्या अमिनाने पंचनाम्यात लिहिले: "दिवे बंद. कारण समजून येत नाही." गावाला मात्र कारणे पुष्कळ समजली. कोणी म्हणाले, ड्रायव्हरला डुलकी लागली. कोणी म्हणाले, देवीचा कोप झाला. आणि जे त्रिंबकला पाहून बोलणे थांबवीत, ते काय म्हणत असतील हे त्याला विचारावे लागले नाही. जुना खटका त्यानेच बसवला होता. तार त्यानेच पिळली होती. तेव्हा प्रश्न साधा होता: तार सुटली असेल तर भाऊ आपल्या हाताने गेला, सुटली नसेल तर नाही. या दोहोंवाचून तिसरी शक्यता त्याला दिसत नव्हती, आणि या दोहोंपैकी खरी कोणती हे कळेपर्यंत त्याला रडूही आले नव्हते. भावाला घाटातून वर आणले तेव्हा मागच्या लाल दिव्याची काच फुटलेली नाही, एवढेच त्याने पाहिले होते. पुढे तीन महिने तो जेवला, झोपला, मोटांची चाके दुरुस्त करीत राहिला, आणि अंगाला काही लागत नव्हते.

मोटार बीडच्या लोहाराकडून सरळ होऊन कालच परत आली होती. पुढच्या पत्र्याला लोहाराने हात लावला नव्हता. जुना खटका जसाच्या तसा होता, जीभ खाली दाबलेली. म्हणजे धोंडीरामने दिवे लावायला तो दाबला होता.

गिरमिट फिरले. पत्र्याचा कीस त्रिंबकच्या पायांवर पडू लागला.

"अरे त्रिंबक," सुंदरराव बाजेवरून म्हणाले, "तीन भोकं पाडायला तीन दिस लावतो का? दाताचा वैद बी यापरीस लवकर उरकतो."

"घाई करू नगा मालक," शहादेव म्हणाला. "पत्र्याला भोक पडलं की परत बुजत न्हाई. तुमची हीर बुजली तसं न्हाई ते."

सुंदरराव हसले, कारण विहीर त्यांची असली तरी ती खचल्याचा विनोद आता साऱ्या गावाचा होता. शहादेव म्हणजे त्रिंबकचा उस्ताद. गेवराईच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याने चाळीस वर्षे इंजिन सांभाळले होते आणि त्रिंबकला पाना कसा धरावा इथपासून सारे शिकवले होते. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एकट्या त्रिंबकवर काम सोपवायला सुंदररावांचे मन धजेना आणि दुसरा मिस्त्री औरंगाबादेअलीकडे नव्हता, म्हणून त्यांनी देखरेखीला उस्तादाला बसवले होते.

"मला राखणीला बशिवलंय," शहादेव म्हणाला. "ज्याला सोताची भाकर दिसत न्हाई, त्याला! लई हुशार हायेत मालक."

"तुझ्या बोटांना दिसतं की," सुंदरराव म्हणाले.

त्रिंबकने तिन्ही भोके पाडली, कानशीने त्यांच्या कडा घासल्या, प्रत्येक भोकातून बोट फिरवून पाहिले. नवे खटके काळे, गुळगुळीत, सगळ्या बाजूंनी बंद. आतले पितळ बाहेरून दिसत नव्हते. त्याने पहिला बसवला, मागून चकती व मळसूत्र आवळले. दुसरा बसवला. तिसरा बसवला. तिन्हींच्या मुठी एका ओळीत आल्या की नाही हे दोरा धरून तपासले. मधला केसभर कलला होता, तो सोडवून पुन्हा बसवला. जुना खटका न काढता जे जे करणे शक्य होते, ते सारे त्याने आधी केले. मग करण्यासारखे काही उरले नाही.

तेवढ्यात चतुराबाई आली. धोंडीरामची बायको ती; पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. या छपरात ती तीन महिन्यांत पहिल्यांदाच येत होती. मोटारीकडे न पाहता तिने फडके त्रिंबकजवळ ठेवले.

"भावजी, जेवून घ्या. दिस डोक्यावर येईल."

"ठेवा वैनी. एवढा खटका काढतो अन् खातो."

ती जायला हवी होती. पण ती खांबाला टेकून उभी राहिली, आणि तिला जा म्हणण्याचे कारण कोणाला सुचले नाही.

त्रिंबक पत्र्याखाली आडवा झाला आणि त्याने वर पाहिले. दोन तारा जुन्या खटक्याला येऊन मिळत होत्या. त्याने डावी ओढून पाहिली. हलली नाही. उजवी ओढली. हलली नाही. त्याने पिळलेले वेढे, त्यावरची मेणकापडाची पट्टी, पट्टीवरची सुतळीची गाठ, सारे त्याने बांधले होते तसेच होते. मोटार चाळीस हात खाली कोसळली होती, तरी गाठ ढिली झाली नव्हती.

तार सुटली नव्हती. तीन महिने ज्याची वाट पाहिली ते वाक्य मिळाले होते. छातीवरून काही उतरेल म्हणून तो क्षणभर तसाच पडून राहिला. काही उतरले नाही. पाठीखालची जमीन गार होती.

"काय बे, झोपलास का?" सुंदररावांनी विचारले.

"तार शाबूत हाय मालक."

मग शहादेव सावकाश म्हणाला, "मंग दिवे कावून गेले? खटका काढ. हिकडं दे."

त्रिंबकने दोन मळसूत्रे फिरवली आणि खटका हातात घेऊन उजेडात आला. तो जुन्या तऱ्हेचा होता, जिनिंगच्या मोडीतून त्यानेच आणलेला: लाकडी पाटीवर एक पितळी जीभ, आणि ती खाली दाबली की जिच्यात शिरते ती दोन पितळी ओठांची फट. जीभ ओठांत शिरली की दिवे लागत. सारे उघडे; वर झाकण नाही. त्याने जीभ उचलून फटीत पाहिले. ओठांच्या आतल्या अंगाला पिवळा, वाळलेला, कवचासारखा कठीण थर होता. पितळाला पितळ भिडायला जागाच उरली नव्हती. त्याने नखाने खरवडले. चिमूटभर भुकटी तळहातावर पडली, आणि तिचा वास इतक्या महिन्यांनीही गेला नव्हता.

हळद.

आता त्याला ती सकाळ दिसली. खंडेनवमीची पूजा. नांगर, कोयते, ताजवा, शिवणाचे यंत्र, सारी हत्यारे पाटावर मांडलेली, आणि पाटावर न मावणारी मोटार अंगणात. नारळाच्या पाण्यात हळद कालवून चतुराबाईने चाकांना पाच पाच बोटे लावली, पुढच्या दिव्यांना लावली, सुकाणूच्या चाकाला लावली. धोंडीराम आतून ओरडला होता, "अगं, खटक्याला बी लाव! उजेड काय चाकातून येतो?" तिने हसत सगळी वाटी त्या खटक्यावर रिती केली होती. दिवसा दिवे कोणी लावत नाही. दिवसभर उन्हात ती हळद फटीत वाळली, आणि घाटात अंधार पडल्यावर धोंडीरामने जीभ खाली दाबली.

त्रिंबकने मूठ मिटली. मुठीत काय आहे ते तिघांपैकी एकाला दिसत नव्हते, दुसऱ्याला कळत नव्हते. तिसरीने पाहिले होते.

"भावजी," चतुराबाई म्हणाली. "ती माझी हळद हाय का?"

पितळाचा गंज आहे, असे म्हणता आले असते. पितळाला हिरवा गंज चढतो, पिवळा नव्हे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्रिंबकने तोंड उघडले. पण खोटे बोलायला जे बळ लागते तेही त्याच्यात नव्हते. त्याने मूठ उघडली.

"म्हंजे," सुंदरराव बाजेवरून उठून म्हणाले, "बाईच्या हळदीनं दिवे गेले? आन् आमी तीन महिने मिस्त्रीला बोल लावतोय! त्रिंबक, सुटलास की बे तू!"

चतुराबाई खांबाला धरून खाली बसली. हातांची बोटे एकमेकांवर घासत राहिली, जणू त्यांना अजून काही लागलेले आहे.

"थांबा मालक," शहादेव म्हणाला. "निवाडा इतका सवंग नसतो. खटका हिकडं दे त्रिंबक."

त्याने खटका दोन्ही हातांत घेतला. अंगठा जिभेवरून, ओठांवरून, फटीतून फिरवला, पाटीच्या चारही कडा चाचपल्या, पुन्हा एकदा चाचपल्या.

"ह्याला झाकण कुठं हाय?"

"न्हाई, उस्ताद."

"जिनिंगच्या पाटीवर होतं. मी ठोकलेली पेटी होती, सागाची. ती काय झाली?"

"पत्र्याखाली मावंना. मी काढून ठिवली."

"मोटारीची पूजा कधी हुती?"

"खंडेनवमीला."

"दरसाल?"

"दरसाल."

"मोटारीला हळद लागती हे तुला ठावं होतं का न्हाई?"

"होतं."

"ह्या बाईनं खटक्याला हळद लावली, तवा तू कुठं होतास?"

त्रिंबकने तळहातावरच्या भुकटीकडे पाहिले.

"तिथंच. नारळ मीच फोडलता. खोबरं खात हुभा होतो."

"बघितलंस?"

"बघितलं. हसलो बी."

"आन् तुला म्हाईत हाय, फटीत काय शिरलं तर पितळाला पितळ लागत न्हाई. तिला म्हाईत हाय का?"

"न्हाई."

"अहो, पण लावली तर तिनंच ना?" सुंदरराव म्हणाले.

शहादेवने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली. "मालक, चाळीस साल मी इंजिन चालवलं. चाळीस खंडेनवम्या झाल्या. बायकांनी दरसाल त्या इंजिनाला हळद फासली, पाणी वतलं, फुलं कोंबली. मी कोणाला न्हाई म्हणालो न्हाई. ह्या मुलखात हत्यार हाय तिथं हळद येणार; पाऊस येणार म्हणून छप्पर घालतो का न्हाई आपण? मी पेटी ठोकली ती त्याच्यासाठीच. बाईनं बाईचं काम केलं. तिच्या कामात खोट न्हाई."

त्याने खटका त्रिंबकच्या हातात परत दिला. हात सापडेपर्यंत तो हवेत चाचपडला, आणि सापडल्यावर त्याने तो लगेच सोडला नाही.

त्रिंबकने खटका घेतला. चतुराबाईने पदराखालून वर पाहिले होते. तिची बोटे थांबली होती. त्याला वाटले, आपणही काहीतरी म्हणावे, हे बरोबर आहे असे तरी म्हणावे. परंतु उस्तादाचे बोलणे अजून पुरे झाले नव्हते, आणि पुरे होईस्तोवर मध्ये बोलू नये असे त्याला लहानपणापासून शिकवलेले होते. त्याने नुसते विचारले, "मंग, उस्ताद?"

"मंग काय," शहादेव म्हणाला. "झाकण तू काढलंस. चूक तुझी."