क्रेनवरचा माणूस

मावशींना कॅमेरा घ्यायचाय हे ऐकून भाचीला आधी हसूच आलं. एकसष्टावं वर्ष, गुडघे कुरकुरतात, फोनमधला कॅमेरासुद्धा जिने कधी धड उघडला नाही तिला एकाएकी कॅमेरा. कशासाठी म्हणून विचारलं तर मावशी म्हणाल्या, गच्चीवर पक्षी येतात, त्यांचे फोटो काढीन म्हणते. भाची एका फोटो स्टुडिओत कामाला होती. तिने फार खोदून विचारलं नाही. उलट तिला बरंच वाटलं. घरात एकटं माणूस, त्याला काहीतरी नाद हवाच.

मावशींची तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गेली होती, आणि अजूनही त्या तिथेच होत्या. पुढे गिऱ्हाईक नंबर तपासून घ्यायचं, फ्रेम निवडायचं, आणि मागच्या खोलीत मावशी त्या फ्रेमच्या मापाने काच घासून बसवायच्या. काचेची जात त्यांच्या बोटांना कळायची. डोळे मिटून दोन काचा हातात दिल्या तरी हलकी कुठली आणि अस्सल कुठली हे त्या सांगायच्या. म्हणून भाचीला वाटलं, मावशीला चांगला कॅमेरा पटवून द्यायला वेळ लागणार नाही.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदाराने मावशींच्या ऐपतीत बसणारे दोन कॅमेरे काउंटरवर मांडले. पहिला डीएसएलआर, लेन्स बदलता येणारा मोठा. शिकाऊ लोकांसाठी निघालेला, दहा-बारा वर्षांचा, पट्टा झिजलेला, पकडीवरचं रबर एका कडेने सुटायला आलेलं. सोबत एकच लेन्स. दुसरा खिशात मावेल एवढा. बटण दाबलं की त्याची नळी घुर्र करत बाहेर यायची. तीस पट झूम.

मावशींनी आधी डीएसएलआरची लेन्स मागितली आणि चष्म्याची काच धरतात तशी उजेडासमोर तिरकी धरली.

"काच चांगली आहे," त्या म्हणाल्या.

दुकानदार खूश झाला. त्याने मावशींना दाराशी उभं करून त्याच कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला. हनुवटीवरचा तीळ, कानामागून सुटलेले चार पांढरे केस, डोळ्यांच्या कडेची ओल, सगळं जसंच्या तसं आलं होतं. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. "मी अशी दिसते होय," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी रस्त्याच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. डीएसएलआरमध्ये तो माशीएवढा आला. छोट्या कॅमेऱ्याची नळी बाहेर आली, आणि रंगारी एकदम समोर उभा राहिल्यासारखा झाला. त्याच्या सदऱ्यावरचे निळे शिंतोडे दिसत होते. कॅमेरा जरासा हलला आणि रंगारी पडद्याबाहेर गेला. त्यांनी घाईने त्याला परत शोधला.

भाचीने परोपरीने समजावलं. हा खेळण्यातला आहे मावशी, अंधारून आलं की याला काही दिसत नाही. तो मोठा घे, लांबची लेन्स पुढेमागे बघू. दुकानदारही प्रामाणिक होता. छोट्या कॅमेऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, "याची मान उंटाची आहे, पण डोळा मुंगीचा. आणि एक सांगून ठेवतो. तीसच्या पुढे आकडा गेला की तो झूम काचेचा नसतो. कॅमेरा चित्र ताणतो आणि मधल्या जागा आपल्या मनाने भरतो."

"म्हणजे अंदाजपंचे."

"अंदाजपंचेच."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "मला हाच हवा."

गच्चीवर पक्षी येत नव्हते असं नाही. पण मावशींना बघायची होती ती पाऊण किलोमीटरवरची क्रेन. तिथे तीस मजल्यांची इमारत उठत होती, आणि तिच्या डोक्यावर बगळ्यासारख्या उभ्या असलेल्या पिवळ्या क्रेनच्या काचेच्या खोलीत मावशींचा मुलगा बसायचा. ही बातमी दोन महिन्यांपूर्वी भाचीनेच आणली होती. दादा त्या इमारतीच्या गेटवर भेटला होता, क्रेन चालवतो म्हणाला, असं ती बोलता बोलता सांगून गेली. माझी चौकशी केली का, हे मावशींनी विचारलं नाही. केली असती तर भाचीने आपणहून सांगितलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी कामावर जाण्याआधी आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन उभ्या राहू लागल्या. नुसत्या डोळ्यांना क्रेन दिसायची. आतला माणूस दिसायचा नाही.

चार वर्षांपूर्वी मुलगा लांबच्या एका बंदरावर नव्या नोकरीला लागला होता. पंधरा दिवस झाले नाहीत तोच त्याचे वडील आजारी पडले. खाटेवरून त्यांनी मावशींना बजावलं, पोराला कळवू नकोस, आत्ता रजा मागितली तर नोकरी जाईल, मी चार दिवसांत उठतो. मावशींनी नवऱ्याचा शब्द मोडला नाही. रोज वाटायचं, आज उतार पडेल. नवव्या दिवशी ते गेले. मुलगा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तो ओरडला नाही, भांडला नाही. आईसमोर बसून म्हणाला, "नऊ दिवस, आई. फोन तुझ्या उशाशी होता." आणि बॅग न उघडता निघून गेला. पुढे त्याने फोनचा नंबर बदलला. लग्न केल्याचंसुद्धा मावशींना तिसऱ्याकडून कळलं.

कॅमेरा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कठड्यावर कोपरं टेकून उभ्या राहिल्या. तीस पटीला क्रेनची खोली काडेपेटीएवढी झाली. त्यांनी बटण तसंच दाबून धरलं. आकडा साठवर गेला. चित्र भिजलेल्या कागदासारखं झालं, पण काचेआड माणूस होता. पांढरं हेल्मेट, काळा गॉगल, खाली जबड्याची रेघ. त्याने डाव्या हाताने बाटली उचलून तोंडाला लावली. मावशींचा मुलगा डावरा होता. त्या कठड्याला धरून खाली बसल्या.

मग तो नेमच झाला. काम सुरू व्हायच्या वेळी तीन-चार फोटो, दुपारी तीन-चार. ढगाळ दिवशी नुसता राखाडी डाग यायचा. उन्हात हवा थरथरायची आणि माणूस पाण्यात बुडाल्यासारखा वाकडातिकडा दिसायचा. तरी मावशींना त्यातून पुष्कळ काही कळायचं. त्याने मिशी ठेवली आहे. तो अंगाने भरला आहे. दुपारी खाली न उतरता वरच डबा खातो, म्हणजे पाठ दुखत असणार, शिडी नको वाटत असणार. एकदा तो बराच वेळ डोकं मागे टेकून बसला होता, तर मावशींना दिवसभर दुकानात चैन पडलं नाही. बायकोशी वाजलं असेल का, बरं नसेल का. एक काच त्यांनी उलटी घासून ठेवली, तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या आठवड्यात त्याने हात वर केला.

मावशींनी कॅमेऱ्यातून बघितलं. तो काचेजवळ आला होता आणि याच बाजूला तोंड करून हात हलवत होता. मावशींनीही हात वर केला. त्याने पुन्हा हलवला. कुणाला सांगण्याची त्यांची छाती झाली नाही, बोललं की दृष्ट लागेल असं वाटलं. पण दुकानात त्या दिवशी त्या गुणगुणत होत्या आणि मालक म्हणाला, आज स्वारी खुशीत दिसते. पुढे रोजच तो हात करू लागला, आणि मावशी रोज उत्तर देऊ लागल्या. एवढ्याने भागतंय, असं त्या मनाला सांगायच्या. रागावलेलं माणूस एकदम घरी येत नाही. आधी लांबून हात करतं.

असे चार महिने गेले. इमारत पुरी होत आली. क्रेन आता उतरवणार अशी बोलवा झाली, तेव्हा मावशींनी त्यातल्या त्यात स्पष्ट फोटो निवडला आणि भाचीकडे छापायला दिला. भाचीला तेव्हा कुठे पक्ष्यांची गोष्ट उलगडली. मावशींना शेजारी बसवून तिने तो स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर लावला आणि ती बराच वेळ बघत बसली.

"मावशी, हा दादाच आहे ना?"

"मग कोण असेल?"

"खांद्यात रुंद वाटतो. दादा सडपातळ होता गं."

"चार वर्षं झाली. माणूस भरतो," मावशी जरा तोडूनच म्हणाल्या. भाचीने फोटो छापून पाकिटात घातला.

आठवड्याच्या अर्ध्या सुट्टीच्या दिवशी मावशी त्या इमारतीच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते मनाशी घोकून आल्या होत्या. कामगार थव्याथव्याने बाहेर पडले. पहारेकऱ्याने बोट दाखवलं, तो बघा क्रेनवाला. पांढरं हेल्मेट काखेत धरून एक रुंद खांद्यांचा, मिशीवाला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस येत होता. मावशींनी त्याच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

तो स्वतःच त्यांच्याजवळ थांबला. "गच्चीवरच्या तुम्हीच ना? जांभळ्या स्वेटरवाल्या?"

मावशींनी मान हलवली. हातातल्या पाकिटाचं काय करावं ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ते त्याला देऊन टाकलं. त्याने फोटो बाहेर काढून बघितला, तर त्यात तोच होता. मुलाचं नाव घेऊन, मी त्याची आई, असं मावशींनी सांगितलं तेव्हा कुठे सगळं त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, तो तर दुसऱ्या कामावर गेला, मी त्याच्या जागी आलो. कधी, म्हणून विचारलं तर त्याने दिवस सांगितला. मावशींनी हिशेब केला. कॅमेरा घेतला त्याच्या आदल्या आठवड्यात.

म्हणजे हजारावर फोटो होते आणि त्यात मुलाचा एकही नव्हता.

"मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनाच हात करता," तो माणूस ओशाळून म्हणाला. "वर दिवसभर बोलायला कुणी नसतं. तुम्ही आलात की बरं वाटायचं. मला माहीत असतं तर…"

"तुमचा काय दोष," मावशी म्हणाल्या.

त्याने त्यांना रस्त्यापलीकडच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. मुलाचा नंबर त्याच्याकडे होता. द्यावा की न द्यावा असा जरा घुटमळला, मग त्याच फोटोच्या पाठीवर त्याने तो लिहून दिला.

फोन लावायला मावशींना दोन दिवस लागले. मुलाने उचलला. आवाज ओळखल्यावरही त्याने फोन ठेवला नाही. मावशींनी त्याला सगळं सांगितलं. कॅमेरा, मिशी, हात करणं, गेट, काही लपवलं नाही. सांगताना त्यांना स्वतःचंच हसू येत होतं आणि रडूही.

"मला दिसायचीस तू," मुलगा म्हणाला. "मी होतो तेव्हा. वरून सगळी गच्ची दिसते. तू क्रेनकडे तोंड करून उभी असायचीस."

"मग हात करायचास रे."

"रोज संध्याकाळी खाली उतरलो की पाय तुझ्याकडे वळायचे. कोपऱ्यापर्यंत यायचो. दोनदा तर जिन्याशी आलो. वरच्या खोलीत बाबांची खाट असेल असं वाटायचं आणि मागे फिरायचो. ते रोज रोज जमेना, आई. म्हणून मीच बदली मागून घेतली."

मावशी जिन्याशी या शब्दावर अडकून राहिल्या. तो जिन्यापर्यंत आला होता तेव्हा आपण वर काय करत होतो, हे त्या आठवू लागल्या. भांडी घासत असू, नाहीतर दिवा लावून नुसत्याच बसलेल्या असू.

"खाट मी देऊन टाकली," त्या म्हणाल्या. "तेव्हाच."

"बरं केलंस."

चुकलं माझं, असं त्यांनी म्हटलं. तो म्हणाला, माहीत आहे. मग गुडघे कसे आहेत, हे त्याने विचारलं. त्याची पाठ दुखते का, हे मावशींनी विचारलं. पाठ नाही, मान दुखते, दिवसभर खाली बघून, असं तो म्हणाला. इकडचं काम संपलं की येतो, असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जावं की नाही असा मावशींना प्रश्न पडला. मग वाटलं, त्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. त्या कॅमेरा न घेता वर गेल्या. इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना तो हात करतोय की नाही ते दिसत नव्हतं. त्यांनी आपला हात वर केला आणि थोडा वेळ तसाच धरला. महिन्याभराने क्रेन तुकड्यातुकड्यांनी उतरवली, आणि तोही दुसरीकडे गेला.

मुलाचा फोन येतो अधूनमधून. दोघंही जपून बोलतात, ठणकणाऱ्या दातावर जीभ लागू नये तसं. सूनही एकदा बोलली, आवाज गोड आहे तिचा. त्याचं तिथलं काम संपलं, दुसरं सुरू झालं, तेही संपत आलंय. तो अजून आलेला नाही. मावशी अलीकडे संध्याकाळी वर गच्चीवर जात नाहीत. दार उघडं टाकून खालच्या पायरीवर बसतात, आणि कुणी विचारलं तर गुडघ्यांचं नाव सांगतात.