मागच्यासारखी पुढची काच

गाडीला एकूण आठ काचा होत्या. समोरची एक, पुढच्या दारांच्या दोन, मागच्या दारांच्या दोन, त्यांच्या मागे बाजूला दोन आणि अगदी मागची एक. त्यांपैकी पाच काळ्या होत्या आणि तीन स्वच्छ. काळ्या पाच जपानच्या कारखान्यातूनच तशा आलेल्या. त्यांचा रंग काचेतच मुरलेला असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. दुकानात काचेवर चिकटवायच्या काळ्या फिल्मची अकरा भेंडोळी होती, साबणपाण्याचे दोन फवारे होते (एक गळका) आणि माणसं तीन होती: मालक खाएम्बा, गिऱ्हाईक सिटुमा मास्तर आणि मी.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन शिक्षकाच्या नेमणुकीची वाट बघत होते. वाट बघायला चौदा महिने झाले होते, त्यातले शेवटचे पाच बुंगोमा गावातल्या या दुकानात.

"पुढच्या दोन काचा मागच्यांसारख्या करून हव्यात," मास्तर म्हणाले. "अगदी तशाच. जपानहून आल्यासारख्या दिसल्या पाहिजेत."

"सगळ्यांनाच तशा हव्या असतात," खाएम्बा म्हणाला.

"सगळ्यांना हव्या असतात हौस म्हणून. मला हव्यात गरज म्हणून."

मग त्यांनी गरज सांगितली. ते शाळेत उपमुख्याध्यापक. घरापासून शाळा अकरा किलोमीटर, तेवीस मिनिटांचा रस्ता. सकाळी सहा-चाळीसला ते निघत आणि सात-एक्केचाळीसला पोहोचत. प्रार्थना साडेसातला. मधली अडतीस मिनिटं नऊ ठिकाणी जात: आत्या, मावशा, चुलत्यांचे मेहुणे, बाजाराला निघालेल्या बायका, एकदा एक बकरी, मालकाशिवाय. आमच्याकडे रस्त्यावरच्या माणसाशी नजरानजर झाली की थांबावंच लागतं. हात मिळवायचा, घरच्या एकेकाची चौकशी करायची आणि जागा असेल तर बसवून न्यायचं. बघून पुढे गेलात तर ते मयतापर्यंत लक्षात ठेवतात. मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांना लेखी कळवलं होतं: आणखी एकदा उशीर झाला, तर पद दुसऱ्याला.

"लवकर निघालात तर?" मी विचारलं.

"लवकर निघालो तर लवकर उठणारे भेटतात."

"आणि समोरच्या काचेतून दिसाल त्याचं काय?"

"शाळा पश्चिमेला आहे. माझ्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य असतो. माझी अडचण बाजूच्या काचांची आहे."

उत्तर बरोबर होतं. माझ्या मनात मास्तरांचा भाव वधारला.

"पण ऐका," ते खालच्या आवाजात म्हणाले, दुकानात चौथं कोणी नसताना, "काळी काच मी मुद्दाम लावली असं कळलं तर संपलंच. नातेवाइकांपासून तोंड लपवतो म्हणतील. गाडी अशीच आली असेल तर मी काय करणार? जपानी लोकांचा दोष. शनिवारी घरी गाडीसाठी प्रार्थना आहे. सगळे येणार. नासाम्बू आत्या येणार."

"त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे ना?" खाएम्बाने विचारलं.

"होता. मार्चमध्ये काढला. आता तिला चर्चच्या छपरावरचे खिळे मोजता येतात."

तो गुरुवार होता.

खाएम्बाची रंग जुळवायची पद्धत बोटांची होती. एकाने गाडीत बसून बोटं वर करायची, त्याने पाच पावलांवरून ओळखायची. मी मागच्या सीटवर बसले आणि तीन बोटं दाखवली.

"चार!" तो बाहेरून ओरडला.

"तीन!"

"मग वीस नंबरची काच आहे. पंचवीसची असती तर मला बरोबर दिसलं असतं."

माझ्याकडे पदवीच्या प्रकल्पातलं यंत्र होतं. बिस्किटाच्या डब्याचे दोन अर्धे: एकात दिवा, दुसऱ्यात प्रकाश मोजणारा तुकडा. काचेच्या दोन्ही बाजूंना ते धरले की किती टक्के उजेड पार गेला ते कळतं. खाएम्बा त्याला बिस्किटं म्हणायचा. मागची काच बावीस टक्के निघाली. पुढची, स्वच्छ दिसणारी, शहात्तर.

"पुढची नुसतीच शहात्तर आहे," मी म्हणाले. "कोरी काचही थोडा उजेड खाते. तिच्यावर वीस टक्के उजेड सोडणारी वीसची फिल्म लावली तर शहात्तरचे वीस टक्के होतील, म्हणजे पंधरा. तीसची लावा."

"प्रोफेसर, काच वीसची, फिल्म वीसची. वीसला वीस. दुसरीतल्या पोरालाही कळतं."

"दुसरीतल्या पोराला गुणाकार येत नाही."

"आणि मला बावीस वर्षांचा अनुभव येतो. पाणी आण."

त्याने वीसची लावली. हात सुरेख होता त्याचा, हे मान्य करायला हवं. एक बुडबुडा नाही, एक धूळकण नाही. मग त्याने गाडी उन्हात काढली आणि आम्ही तिघे बाजूला उभे राहिलो. पुढची काच मागच्यापेक्षा स्पष्ट काळी होती. शिवाय मागची हिरवट राखाडी आणि पुढची निळसर.

"गाडीने गॉगल लावलाय," मास्तर म्हणाले.

खाएम्बा लांब गेला, जवळ आला, टोपी काढली, घातली. "ढगामुळे," तो म्हणाला.

आकाशात ढग नव्हता. मी डबा लावला. पंधरा.

संध्याकाळपर्यंत खाएम्बाने एकट्याने दोन्ही फिल्म सोलून काढल्या. शुक्रवारी सकाळी मी तीस नंबरची तीन भेंडोळी काढली, प्रत्येकाचा तळहाताएवढा तुकडा मास्तरांच्या काचेवर ओला चिकटवला आणि उन्हात बघितला. एक फिल्म निळी दिसे, एक तपकिरी. तिसरी कोळशासारखी, स्वतःचा रंग नसलेली. काचेची मूळची हिरवट झाक तिच्यातून वर येत होती. दुपारी चारला काम संपलं. या वेळी खाएम्बा पाच पावलांवरून बोटं ओळखत बसला नाही. त्याने डब्याकडे हात केला. "बघ तुझी बिस्किटं काय म्हणतात."

तेवीस.

"मास्तर, एक लक्षात ठेवा," खाएम्बा म्हणाला. "फिल्मच्या आत अजून पाणी आहे. तीन दिवस काच खाली करायची नाही. केली तर वरचा कोपरा सुटेल."

"उद्या प्रार्थना आहे."

"प्रार्थना काच वर ठेवूनही पोहोचते. प्रोफेसर येईल तुमच्याबरोबर, काचेवर लक्ष ठेवायला."

शनिवारी अकराला आम्ही मास्तरांच्या अंगणात शिरलो. मी पुढे डावीकडे बसले होते, मांडीवर पिशवीत फवारा आणि रबरी पट्टी. अंगणात चाळीसच्या आसपास माणसं होती आणि आमच्या लक्षात न आलेली गोष्ट गाडी थांबताच समोर आली. चाळीस माणसं हात मिळवायला काचेपाशी आली.

नासाम्बू आत्या सगळ्यांत पुढे. बुटकी, ताठ, डोक्याला हिरवा रुमाल. तिने मास्तरांच्या काचेवर अंगठीने टकटक केलं. मास्तरांनी दार उघडलं.

"दार काय उघडतोस? काच खाली घे, लोक हात देतायत."

"काच... आत्या, काच जरा अडकते."

"नवी गाडी आणि काच अडकते?"

"थोडी."

"आणि पलीकडची?"

"तीही थोडी."

आत्याने वळून जमावाला सांगितलं, "मोम्बासावाल्यांनी आपल्या पोराला फसवलं!" लोक हळहळले. एका चुलत्याने व्यापाऱ्याचं नाव विचारलं. दुसऱ्याने, आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी मोम्बासाला जाऊ, असं सुचवलं. जपानच्या गाड्या उतरतात ते हे बंदर आठशे किलोमीटरवर आहे. तेवढ्यात आत्याचा मुलगा मसेंगेली, जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. "दोन मिनिटांचं काम. दाराचा पत्रा काढतो."

"नको!" मी आणि मास्तर एकदम म्हणालो.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मार्चपासूनचे ते डोळे. मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे, तिच्यातून बाहेर आलेल्या फवाऱ्याच्या नळीकडे.

"मसेंगेली, कोंबडी शिजली का बघून ये," ती म्हणाली. "पास्टर, तुम्ही चहा घ्या. पोरी, तू मागे बस. मला गाडी आतून बघायची आहे."

ती पुढच्या सीटवर, माझ्या जागी बसली, दार लावलं आणि कोणाला काही कळायच्या आत बटण दाबलं. काच चार बोटं खाली गेली. फिल्मचा वरचा कोपरा सुटून दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला. आत्याने काच पुन्हा वर केली आणि ती साय दोन बोटांत धरून पाहिली.

"हे जपानमध्ये लावलं?"

मास्तर स्टिअरिंगवरची धूळ पुसू लागले.

"सिटुमा, तुझे लंगोट मी बदललेत. खोटं बोलताना तुझा कान लाल होतो. आत्ता दोन्ही झालेत."

"आत्या, मला रोज उशीर होतो. नऊ ठिकाणी थांबतो मी. बाईंनी लेखी दिलंय. उपमुख्याध्यापकपद जाईल. तुम्हा कोणाला नाही म्हणवत नाही म्हणून..."

"म्हणून आम्हाला बघायचंच नाही. वा! आणि माझ्यासाठी किती वेळ थांबतोस?"

"सात मिनिटं. तू तुझ्या गुडघ्यांचंही सांगतेस."

तेवढ्यात आत्याची जाऊ मेबल बाहेरून चालत आली. ती आत्याच्या काचेसमोर, वीतभर अंतरावर थांबली, डोक्याचा रुमाल सारखा केला, मग ओठ फाकवून दातांत अडकलेलं काहीतरी नखाने काढू लागली.

आत्या ताठ झाली. "ही काय करतेय?"

"तिला तुम्ही दिसत नाही," मी म्हणाले. "तिला काचेत ती स्वतः दिसतेय."

आत्याने हात हलवला. मेबल दुसऱ्या दाताकडे वळली. आत्याने जीभ बाहेर काढली, पूर्ण. मेबलने हसून बघितलं, स्वतःकडेच, आणि निघून गेली.

मग आत्याचे खांदे हलू लागले. डोळ्यांतून पाणी आलं तशी तिने रुमालाच्या टोकाने टिपलं, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे, न चोळता.

"सोमवारी तुझ्या शाळेसमोर बाजार असतो," ती अखेर म्हणाली.

"हो, आत्या."

"तू मला घेऊन जातोस तेव्हा ही मेबल रस्त्यावर हात करते. मग ती आणि तिच्या दोन टोपल्या माझ्या पायांवर. वर बाजारभर सांगते, मला माझ्या भाच्याने आणलं. तिचा भाचा!"

"हो."

"मी इथे बसले आणि तू थांबला नाहीस, तर तिला कळेल का आत कोण आहे?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "तेवीस टक्के," मी म्हणाले. "बाहेर ऊन असेल तर नाही."

"मग ठरलं. सोमवारी माझ्या दाराशी थांबायचं. गुडघ्यांचं मी आत बसून सांगेन. बाकी कोणी विचारलं तर गाडी अशीच आली. पोरी, हा कोपरा चिकटव, मी समोर उभी राहते."

ती खाली उतरली, दारासमोर पाठ करून उभी राहिली आणि चाळीस माणसांना म्हणाली, "काचेला काही झालेलं नाही. जपानमध्ये थंडी असते, तिथे काचा उघडत नाहीत. तीन दिवस आपल्या उन्हात राहिली की सुटेल."

कोणी शंका घेतली नाही. मसेंगेलीने तर, ट्रॅक्टरचंही असंच असतं, म्हणून मान हलवली. मी साबणपाणी मारून कोपरा दाबला. पास्टरनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली, तीत जपानच्या लोकांसाठीही दोन शब्द होते. मग आम्ही मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि कोंबडी खाल्ली. आत्याने मला मांडीचा तुकडा वाढला आणि मेबलला मानेचा.

सोमवारी संध्याकाळी मास्तर दुकानात आले. खाएम्बाने स्वतःहून डबा पुढे केला. मी चारही दारांच्या काचा मोजल्या आणि मास्तरांच्या वहीतून सकाळची नोंद उतरवून घेतली.

पुढची डावी तेवीस, मागची डावी बावीस. पुढची उजवी तेवीस, मागची उजवी बावीस. अंतर अकरा किलोमीटर. थांबे एक. थांब्याचा वेळ दोन मिनिटं. शाळेच्या फाटकात सात वाजून पाच मिनिटं.