गवतातल्या रेघा

ओहोटी लागली की अख्खी वस्ती किनाऱ्यावर जमायची. समुद्री गवताचं कुरण उघडं पडे आणि त्यात वीतभर रुंदीच्या नागमोडी, बोडक्या रेघा दिसत. रोज नव्या, आणि रोज घरांच्या आणखी जवळ.

"काळ वाट आखतोय," लाटेवाले महाराज डोळे मिटून सांगत. "होडी पाण्यात घातलीत तर तो घरात शिरेल." मग एक डोळा किलकिला करून कोण कोण घाबरलं ते बघत.

आठ दिवस होड्या वाळूत पडून होत्या. इस्पितळ खाडीपलीकडे, आणि जायला दुसरी वाट नाही. मी इथला डॉक्टर. माझ्याकडच्या औषधांनी होडीवाल्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा ताप हटेना. नवव्या दिवशी सकाळी तिची मान ताठ झाली. मेंदूज्वराची खूण.

"हिला आजच न्यायला हवं."

"आणि वाटेत काही झालं तर?" होडीवाला म्हणाला. "हिची आई मला जन्मभर बोल लावेल."

"रेघा कोण ओढतं ते दाखवलं तर नेशील?"

रेघांमधलं गवत मुळासकट उपटलेलं होतं. काळाला मुळं कशाला हवीत, हे महाराजांना कुणी विचारलं नव्हतं.

दुपारच्या भरतीला आम्ही इंजिन न लावता कुरणावर वल्हवत गेलो. किनाऱ्यावरून शिव्याशाप चालूच होते. होडीखाली एक करडं धूड तळाशी तोंड टेकवून सावकाश पुढे सरकत होतं. मागे गढूळ पाणी, आणि त्याखाली ताजी रेघ.

"समुद्रगाय," मी म्हणालो. "चरतेय."

"ह्या तर पार लांब चरायच्या. इतक्या जवळ कशा?"

"इंजिनाला बुजतात. पहिल्या रेघा लांबच होत्या. मग आपणच होड्या बंद केल्या ना?"

त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली. "महाराज पूर्वी माझ्याच होडीवर कामाला होता," तो म्हणाला. "त्याला हे सगळं ठाऊक होतं."

तासाभरात त्याने मुलीला होडीत घेतलं. ती वाचली, पण तिला आता ऐकू येत नाही. दोन दिवस आधी आणायला हवी होती, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाप अजून तिला हाका मारतो आणि मग जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावतो.

महाराज पसार झालाय. उद्या तुमच्या किनाऱ्यावर उगवेल. भीती वाटली तर वाटू द्या, पण आधी पाण्यात डोकावून बघा. आणि तोवर कुणा आजाऱ्याची होडी अडवू नका.