बावीस मिनिटं

न्यायापुढे सगळ्यांचे पाय सारखे असतात. पंचायत समितीला मात्र मोजणीसाठी दोनच पाय हवे होते, आणि ते पुंजाजीचे निघाले.

प्रकरण साधं होतं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. संग्रामपूरच्या अंगाला एक गाव आणि नाल्यापलीकडे कोसभरावर त्याची वस्ती, दोहोंत मिळून नर्सबाईचा दवाखाना एकच मिळणार होता. वरून पत्रक आलं, की आजारी माणसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त पायी चालावं लागू नये. वस्तीतून गावात पोचायला तेवढा वेळ पुरला तर दवाखाना गावात, नाही पुरला तर वस्तीत.

"चालून पाहाले वस्तीचाच माणूस घ्या," सरपंच गुलाबराव सभेत म्हणाले. "मंग कोणी म्हणाले नको, का गावानं लबाडी केली."

वस्तीला हा मोठेपणा फार आवडला. पुंजाजी डाकेचा हरकारा आहे, हे आनंदाच्या भरात कोणाच्या ध्यानात आलं नाही. सव्वीस वर्षं खांद्यावर थैली आणि हातात घुंगराची काठी घेऊन तो असा चालत आला होता, की कुत्रीही त्याच्या मागे लागत नसत. त्यांना ते परवडत नसे.

त्याच्या बायकोच्या, सोजराबाईच्या, मात्र ध्यानात आलं. सून अन्नपूर्णा सहा महिन्यांची गरोदर होती. गेल्या पावसाळ्यात पहिल्या बाळंतपणासाठी पलीकडे नेताना तिची बाज नाल्याच्या पुरापाशी अडली होती. काठावरच्या काळ्या दगडाजवळ बाज टेकवली, आणि तिथूनच सगळे परत आले. सून जगली. मूल नाही.

"आज म्हाताऱ्यावानी चालजा," सोजराबाईने बजावलं. "नाल्यात बसजा. बिडी ओढजा. त्या दगडाकडे पाहजा."

"हाव. मले काय समजत नाही का?"

त्याला समजत होतं. काठीच्या घुंगरांचा भरवसा नव्हता म्हणून ती त्याने घरीच ठेवली.

भर वैशाखात समितीचे कारकून वामनराव वस्तीवर आले. त्यांनी घड्याळ पाहिलं, एका चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि घडी घालून ती पुंजाजीच्या हातात दिली. "गावात मास्तर उभे आहेत. पोचल्याची वेळ ते टाकतील."

तिथेच घात झाला. वेळ लिहिलेला कागद हातात आला, की उशिराचा खुलासा लेखी द्यावा लागतो, एवढं पुंजाजीला सव्वीस वर्षांत पक्कं माहीत झालं होतं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याला कधी उशीर झाला नव्हता.

पहिलं वावर तो खरंच हळू चालला. मग मुठीतली चिठ्ठी घामाने ओली होऊ लागली. नाल्याची वाळू कोरडी ठाक होती. काळा दगड समोर आला, पुंजाजीने त्याच्याकडे पाहिलंही, आणि दगड मागे पडला.

मास्तरांनी हिशेब केला. बावीस मिनिटं.

"वा रे पुंजाजी," गुलाबराव म्हणाले. "आठ मिनटं त शिल्लकच राह्यली."

परतताना तो मुद्दाम म्हाताऱ्यासारखा चालला. पाऊण तासाहून जास्त लागला. दुसऱ्या दिवशी त्याने ते वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "परतीचा रकाना नाही."

तो परतला तेव्हाच सोजराबाईला त्याच्या कानामागची बिडी दिसली होती, अख्खी. तिने बाज अंगणात आडवी केली आणि तिच्या दोऱ्या ताणायला घेतल्या. नंतर रोज ती त्या ओढून पाहू लागली.

दवाखाना गुलाबरावांच्या घराशेजारी झाला. दोन खोल्या, पुढे ओटा, चुन्याचा हात.

श्रावणात एका दुपारी अन्नपूर्णाच्या पोटात कळा सुरू झाल्या. वस्तीची दाई खैरुन्निसा हिने पोट चाचपून पाहिलं. "आडवं हाये," ती म्हणाली. "माह्या हातचं नाही. दवाखान्यात न्या."

चौघांनी बाज उचलली. पुंजाजी पुढे झाला आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पावलाने चालला. नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. बाज काळ्या दगडाजवळ टेकली. पाणी कमरेइतकं उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. थोड्या वेळाने खैरुन्निसाने माणसांना तोंडं फिरवायला सांगितली. त्यांनी फिरवली. मागे सोजराबाईचा आवाज आला, खैरुन्निसाचा आला, तिसरा आला नाही.

"हिले तरी पोचवा," खैरुन्निसा म्हणाली. अन्नपूर्णाचं रक्त थांबत नव्हतं.

पाणी उतरल्यावर नाला ओलांडून दिवेलागणीला ते पोचले. दवाखान्याला कुलूप होतं. खैरुन्निसाने ओट्यावरच लुगड्याचा आडोसा केला, हात घातला आणि कसंबसं रक्त थांबवलं. सून दुसऱ्यांदा जगली.

गुलाबराव कंदील घेऊन बाहेर आले. पुंजाजीने नुसतं कुलपाकडे पाहिलं.

"नर्सबाईची जागाच मंजूर झाली नाही बाप्पा," ते म्हणाले. "मंगळवारी पत्र आलं ना. तूच त आणलं."

मंगळवारची डाक वेळेवर पोचली होती.