भांडणाचा डफ

मी एक डफ बोलतोय. तुमच्याकडे शाहिराच्या हातात असतो तसला मी नाही. आमच्या पूर्व ग्रीनलंडमध्ये मला किलाट म्हणतात. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाची माझी कड, पांढऱ्या अस्वलाच्या पोटातली पातळ कातडी माझ्या अंगावर, आणि धरायला हाडाची मूठ. मला कातडीवर मारत नाहीत, खालून काठीने कडेवर मारतात. मारणारा मारतो कडेला आणि थरथरतं सगळं अंग. मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू?

मला नाचायला-गायला वाजवतात, पण माझं खरं काम भांडणाचं. पूर्वी आमच्यात दोघांचं वाजलं की ते एकमेकांच्या उरावर बसत नसत. सगळी वस्ती गोळा व्हायची आणि दोघं आळीपाळीने डफ हातात घेऊन एकमेकांची गाण्यातून रेवडी उडवायचे. ज्याच्या गाण्याला जास्त हशा, तो जिंकला. ज्याला राग आला, तो हरला. आणि गाणं संपलं की भांडणही संपलं, हा नियम. दोघांनी एका ताटात जेवायचं.

मला ज्याने घडवलं तो शिकारी मोठा बेरकी गाणारा होता. पाद्रीबाबांना माझा आवाज खपत नसे, म्हणून त्याने मला कित्येक वर्षं पेटीत, सीलच्या कातड्यांखाली लपवून ठेवलं. मरताना त्याने मला मुलाला न देता मुलीला, रास्मिनेला दिलं. "विटुस ओरडेल, तू गाशील," एवढंच म्हणाला.

रास्मिने वस्तीच्या शाळेत शिकवते. तिचा धाकटा भाऊ विटुस शिकार करतो, मासे धरतो. आमच्याकडे शिकाऱ्याने सील मारला की त्यातला एक वाटा बहिणीच्या घरी जातोच. विटुस तो वाटा स्वतः घेऊन यायचा, दारातूनच "ताई, पातेलं ठेव" म्हणून हाक मारायचा आणि मग तिथेच जेवून, कॉफी पिऊन, डुलकी काढून जायचा.

१९८१च्या हिवाळ्यात तो वाटा बंद झाला.

कारण होतं युरोपातल्या देशांचा संघ. डेन्मार्क त्यात गेलं तेव्हा आमचा देश, नको नको म्हणत असताना, त्याच्यामागे फरपटत गेला होता. आता आमचं स्वतःचं, घरचं सरकार आलं होतं आणि येत्या फेब्रुवारीत मतदान ठरलं होतं: संघात राहायचं की बाहेर पडायचं? विटुस म्हणे, बाहेर! जर्मनांची मोठाली जहाजं आपल्या पाण्यातला मासा उपसून नेतात आणि आपल्याला किती मिळावा हे तिकडे ब्रुसेल्सला संघाच्या कचेरीतली माणसं ठरवतात. रास्मिने म्हणे, राहायचं! वस्तीचं वीजघर संघाच्या मदतीने उभं राहिलं, पोरं पुढचं शिकायला जातात तीही त्याच जिवावर. उद्या एकटे पडलो तर आपल्याला विचारणार कोण?

बोलता बोलता विटुस एकदा म्हणून गेला, "तू आमची राहिलीच नाहीस, ताई. कोपनहेगनला शिकलीस, तिकडचीच झालीस."

झालं! दोन घरांत विस्तव जाईना. रास्मिने महिनाभर वाट पाहत राहिली. मग एक दिवस तिने पश्चिम किनाऱ्यावरच्या शाळेत बदली मागणारा अर्ज लिहिला. तिकडे जायचं म्हणजे मधला सगळा बर्फ ओलांडून जाणं. गेलेलं माणूस वर्षानुवर्षं दिसत नाही. लिहिताना तिचा हात थांबत होता, हे मी भिंतीवरून पाहिलंय.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी बाहेरून एक पुढारी हेलिकॉप्टरने आला, तासभर बोलला, वाळवलेले मासे खाल्ले आणि गेला. त्याच हेलिकॉप्टरने रास्मिनेचा अर्जही गेला. दीडशे माणसांच्या वस्तीत गुपित कसलं राहणार? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

रविवारी दुपारी सभागृहात सगळे जमले. दोन तास नुसता कल्ला! एक म्हणे हे, दुसरा म्हणे ते, कॉफीचे कप आपटतायत, कुत्री बाहेरून साथ देतायत. विटुस सर्वांत पुढे. तीन आठवडे घरोघरी ओरडून त्याचा घसा आधीच बसला होता, तरी गडी मागे हटेना. शेवटी वस्तीतले सर्वांत म्हातारे एल्यासआजोबा काठी आपटत उठले.

"बास! कान किटले माझे. बापजाद्यांनी भांडायची रीत घालून दिलीय ना? रास्मिने, तुझा डफ आण."

काय सांगू तुम्हाला! तीस वर्षं मी भांडणासाठी वाजलो नव्हतो. दोन पोरी धावत आल्या आणि मला भिंतीवरून उतरवून पळत सुटल्या. बाहेरच्या थंडीत माझं कातडं ताणलं गेलं, आणि सभागृहात शिरलो तर सगळी वस्ती बाकांवर उभी! मला वाटलं, कुणी हात लावायच्या आधी मीच वाजेन.

थोरली म्हणून रास्मिने पहिली. गुडघे किंचित वाकवून, अंग डोलवत, बरोबर बापासारखी ती उभी राहिली.

"विटुस निघाला जहाजं हाकलायला, छाती काढून पुढे,
बोट अडकली खडकावरती, म्हणतो, 'ताई, दोर कुठे?'"

हशा फुटला! मागच्याच उन्हाळ्यात त्याची बोट तिनेच ओढून काढली होती. एल्यासआजोबा मांड्या थोपटत होते. विटुसच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण ते त्याने गिळलं आणि मला हातात घेतलं. काठी उचलली, तोंड उघडलं.

आवाजच नाही! नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, घशातून घरघर आली.

"संपला! हरला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप्प बसा!" एल्यासआजोबा गरजले. "रीत माहीत नसेल तर विचारा. ज्याचा आवाज गेला, त्याच्या वतीने त्याचं सर्वांत जवळचं रक्ताचं माणूस गातं. कोण आहे विटुसचं?"

सगळी वस्ती इकडेतिकडे बघायला लागली. आईबाप गेलेले, बायको-पोरं नाहीत. मग हळूहळू एकेक मान एकाच दिशेला वळली.

"मी?" रास्मिने म्हणाली. "मी माझ्याच विरुद्ध गाऊ?"

"रीत आहे, बाई," आजोबा म्हणाले. "आणि अंग चोरून गायचं नाही. भावाच्या मनातलं सगळं आलं पाहिजे."

तिने मला परत घेतलं. पुन्हा गुडघे वाकवले आणि माझ्या कडेवर असा टोला बसला की मी आरपार हललो.

"ताई शिकवते पोरांना, नकाशा टांगून भिंतीवर,
आपलं घर दाखव म्हटलं, बोट ठेवते ब्रुसेल्सवर!"

छप्पर उडायचं तेवढं बाकी होतं! तिचेच विद्यार्थी हसून हसून बाकाखाली गेले. तीही हसली. मग दुसरं.

"जाळं आमचं, पाणी आमचं, थंडीत बोटं झडली आमची,
मासा किती धरायचा ते, परवानगी लागते कुणाची?"

"बरोबर बोललीस!" लोक ओरडले. विटुस तोंड उघडं टाकून बघत होता. तीन आठवडे बोंबलून त्याला जे जमलं नव्हतं, ते तिने चार ओळींत केलं होतं. मला वाटलं, आता संपलं. पण रास्मिनेने लय कमी केली आणि त्याच्याकडे बघत गायली.

"तुझ्या कागदांत दुनिया मावली, ताई, खरं सांग मला,
इथे राहून शिकार करणारा, भाऊ त्यात कुठे बसला?"

या वेळी कुणी हसलं नाही. हे विटुस कधी कुणाजवळ बोलला नव्हता. तिला कसं कळलं, कोण जाणे! ती शिकायला गेली तेव्हा दहा वर्षांचा विटुस किनाऱ्यावर उभा राहून जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत होता, हे मात्र वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं.

विटुस पुढे आला. त्याने मला तिच्या हातातून घेतलं. त्याच्या घशातून जेमतेम कुजबुज निघत होती, म्हणून एल्यासआजोबा कान लावून ऐकत आणि मोठ्याने सांगत.

"ताई गेली तर पोरांना, कोण शिकवील वाचायला?" आजोबा म्हणाले. "मत माझं मी देणारच, पण..."

पुढची ओळ येईना. काठी हवेतच राहिली.

"पण काय रे?" आजोबांनी विचारलं.

विटुसने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आजोबांनी बाहीने नाक पुसलं.

"म्हणतोय, ताई, जाऊ नको. यमक जुळत नाही म्हणतोय."

रास्मिनेने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा," ती म्हणाली, "अर्ज परवाच गेला!"

मंगळवारी दोघांनी मतं दिली, ज्याने त्याने आपापलीच. दुसऱ्या दिवशी रेडिओवर निकाल आला: थोड्या मतांनी का होईना, बाहेर पडायचं ठरलं. लोक बर्फात नाचले, हवेत बंदुका उडवल्या. मीही मनसोक्त वाजलो. रास्मिने हरली होती, तिचं तोंड उतरलं होतं, आणि तरी मला वाजवत तीच होती. जिंकणाऱ्यांनी विटुसला खांद्यावर घ्यायला शोधलं, तर गडी गायब.

तो पहाटेच कुत्री जुंपून लांबच्या मोठ्या गावातल्या तारघराकडे निघाला होता. सगळ्या देशाला बाहेर काढायला निघालेला विटुस, बहीण बाहेर जाऊ नये म्हणून पुऱ्या दिवसाची वाट वाऱ्यात तुडवत गेला. तारेत त्याने लिहिलं, "शिक्षिका रास्मिनेचा अर्ज रद्द समजावा. तिच्या भावाची चूक झाली." खाली तिची सही हवी, असं तारबाबू म्हणाला. तेव्हा विटुसने खिशातून कागद काढला. सही होती. आदल्या रात्री तिनेच करून दिली होती.

देशाला संघातून बाहेर पडायला पुढे तीन वर्षं लागली. बाहेर पडलो ते चांगलं झालं की वाईट, यावर भाऊ-बहीण अजूनही भांडतात, तेही जेवताना, तोंडात घास असताना.

आता दोघंही थकलीत. मी शाळेच्या भिंतीवर असतो. पाहुणे आले की पोरं मला उतरवतात, छान नाचतात, टाळ्या पडतात. वाईट नाही ते. पण भांडणं मात्र आता लोक आपापल्या घरात, हातातल्या फोनवर बोटं आपटत करतात, आणि मग वर्ष वर्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमचं कुणाशी फाटलं असेल, तर त्याला घेऊन या. माझं कातडं कोरडं पडलंय, वाजवण्याआधी थोडं पाणी शिंपडा. मग पहिल्यांदा त्याची बाजू तुम्ही गा.